भांगाला या

मी तापट आहे, आणि दुसऱ्याचं मराठी सुधारायची मला वाईट खोड आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते ह्यांच्यामुळंच झालं. वर्गात मुलांना मी एक म्हण नेहमी ऐकवायचे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हल्ली जरा जपून ऐकवते.

खारघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. माहेर बार्शीकडचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्न झाल्यावर, नवऱ्याच्या गावी, रत्नागिरीला. तेव्हाही लांबूनच पाहिला, कारण सासूबाईंनी सांगितलं होतं की लाटेचा भरवसा नाही. तर अशी मी, आणि माझ्या हाताखाली आमच्या विभागानं एक होडी बांधली. माणसाशिवाय चालणारी.

लांबीला इस्त्रीच्या टेबलाएवढी. वर एक ताठ शीड, मागं सुकाणू, पोटात छोटासा संगणक. कुठं जायचं ते नकाशावर टिंबं टाकून सांगायचं. वारा कुठून येतोय ते ती स्वतः बघते, शीड वळवते, वाकडीतिकडी का होईना, पण पोचते. मोटर मुद्दाम लावली नाही. मोटर लावली की बॅटरी लवकर मान टाकते, आणि आपल्या खाड्यांत पंख्याला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून बसतात. वारा फुकट असतो. होडीच्या तळाला तीन सेन्सर होते: एक पाण्याचं तापमान मोजणारा, एक गढूळपणा, आणि तिसरा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. मासे ह्या तिसऱ्यावरच जगतात. सेन्सर सगळे स्वस्तातले, मुलांनी घासूनपुसून, जोडून, कॉलेजच्या बादल्यांत तपासून घेतलेले. मला त्यांचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर विश्वास नव्हता.

उरणजवळ मोऱ्याला कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या एका खाडीत मासळी मरते, अशी तक्रार गावकऱ्यांनी केली होती. त्या खाडीत वरून एक नाला येतो. त्यातून काय येतं आणि कुणाचं येतं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. प्रदूषण बघणाऱ्या सरकारी कचेरीतून दोनदा माणसं येऊन बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली होती, आणि दोन्ही वेळा पाणी ठीक निघालं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की कॉलेजची होडी सोडून वर्षभर मोजून बघावं. अहवालात पाणी खराब निघालं तर पुढची चौकशी. चांगलं निघालं तर तक्रार कायमची बंद.

तक्रारीवर पहिली सही ज्यांची होती, त्या काकांना भेटायला मी मोऱ्याला गेले. द्रोणागिरीजवळ कंटेनरच्या गाड्यांच्या रांगेत दीड तास अडकले होते, त्यामुळं डोकं आधीच तापलेलं. काका सत्तरीच्या पुढचे, अंगानं काटक्यांची मोळी, डोळे लालभडक, आणि चालताना जरासे डुलणारे. बोलणं अगदी सावकाश. पोरवयापासून त्याच खाडीत मासेमारी केलेली. पडवीत त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले, आणि मी वहीत त्यांचं म्हणणं उतरवून घ्यायला लागले.

"मी भांगाला जातो ना खाडीत," ते म्हणाले, "तवा मासली उलटी झालेली दिसते. बोय, कोलंबी, समदी. तुमी बी एकदा भांगाला या, बाय. मी दावतो."

मी लिहिता लिहिता थांबले. वर त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. आमच्याकडं महाशिवरात्रीला भांग पिऊन पडलेली माणसं मी लहानपणापासून पाहिलेली आहेत. लाल डोळे, संथ बोलणं, डुलती चाल, सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं. आणि माझी खोड बघा. मनात म्हटलं, भांग हा स्त्रीलिंगी शब्द आहे, भांगाला नव्हे, भांगेला म्हणायला हवं. आणि वहीत मी 'भांगाला' खोडून वर 'भांगेला' असं लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कपात हिरवी पात तरंगत होती. दाराशी कापलेल्या ड्रममध्ये गवती चहा वाढलेला होता, तो मी येतानाच बघितला होता. पण त्या क्षणी मला ती हिरवी पात वेगळीच वाटली. "मी चहा घेत नाही," मी म्हटलं. दिवसाला पाच कप चहा पिणारी बाई मी. काकू कप घेऊन आत गेल्या.

परतताना गाडीत मी विचार केला. हे वाक्य अहवालात गेलं तर काय होईल? तक्रारदार भांग पिऊन खाडीत जातो आणि त्याला मेलेले मासे दिसतात. झालं, तक्रार तिथंच संपली. म्हातारा माणूस, गावात मान असलेला. उगाच त्याची अब्रू कशाला घालवा? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पेन काढलं आणि त्या अख्ख्या वाक्यावर आडवी रेघ मारली. त्याच्या जागी लिहिलं, 'तक्रारदारास काही वेळा मृत मासे आढळतात.' आपण एका माणसाचं भलं केलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. घरी नवऱ्यालासुद्धा मी ह्यातलं काही सांगितलं नाही.

होडी सोडण्याचे दिवस मी ठरवायचे. कॉलेजची गाडी नऊच्या आत निघायची नाही आणि पाचच्या आत मुलांना परत आणायचं. त्या खाडीच्या काठाला गुडघाभर चिखल, आणि होडीच्या पोटाखालचं पातं लांब, म्हणजे पाणी भरपूर हवं. म्हणून भरतीच्या तक्त्यात मी सरळ असे दिवस शोधायचे की भरती दुपारी बाराच्या सुमाराला आहे आणि चांगली उंच आहे. महिन्यातून दोनदा असे दिवस यायचे. ते कधी येतात, एकमेकांपासून बरोबर पंधरवड्यानं का येतात, हा प्रश्न मला पडला नाही. तक्त्यात वेळ आणि उंची असते, तिथी नसते.

काका प्रत्येक वेळी धक्क्यावर हजर असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "शीड उंच केलास, बाय. वाऱ्याशी भांडल ते." मी कपाळाला आठ्या घातल्या. तासाभरात होडी आडवी झाली. पुढच्या खेपेला शीड वीतभर कापून आणलं, आणि ती सरळ गेली. तेव्हापासून मुलं माझ्याआधी काकांना विचारायला लागली. लहानपणी शिडाच्या होडीवर ते वडलांबरोबर गेले होते. आमची होडी एकटीच वळण घेऊन परत फिरली की ते नुसते बघत राहायचे. म्हणायचे, "कोन नाय वर, तरी कशी शानी."

काकू दर खेपेला चहा विचारायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला कप नवे कोरे होते, सोनेरी काठाचे, अजून खाली स्टिकर चिकटलेला. मुलं पटापट प्यायली. मी मुलांकडं जरा काळजीनंच बघितलं, पण त्यांना काही झालं नाही. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. स्वतःसाठी मी "नको, नको" असंच म्हणत राहिले.

असेच चार-पाच महिने गेले असतील. होडी पाण्यात सोडून मी फोनवर आकडे बघत होते. आकडे चांगले होते. काका शेजारी येऊन उभे राहिले. "आज काय दिसनार नाय तुला," ते म्हणाले. "किती बार बोललो, भांगाला ये. एकदा भांगाला ये ना तू."

माझा पारा चढला. मुलं आसपास होती. "काका," मी म्हटलं, "असलं काही माझ्यासमोर बोलत जाऊ नका. मुलंही आहेत इथं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवून धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तो शब्द पुन्हा काढला नाही. मला वाटलं, वेळीच बोलले ते बरं झालं.

एकच फेरी वेगळी झाली होती. कॉलेजच्या गाडीचा क्लच गेला आणि आमचं जाणं आठवडाभर पुढं ढकललं. त्या दिवशी खाडीत पाणी जेमतेम, वारा नावाला. होडी नाल्याच्या तोंडाशी गेली आणि तिथंच थबकली. दोन तास जागची हलली नाही. ऑक्सिजनचा आकडा उतरत उतरत इतका खाली गेला की मी फोन आपटला. सेन्सरवर चिखल बसला असणार. स्वस्तातला सेन्सर, त्याचं काय खरं मानायचं? आमच्या प्रोग्राममध्ये मीच एक अट घालून ठेवली होती, अमुक आकड्याच्या खाली काही आलं तर सेन्सरचा बिघाड समजून ती अख्खी फेरीच आपोआप गाळून टाकायची. त्या दिवसाचं सगळं गाळलं गेलं. काका त्या दिवशी अगदी खुशीत होते, माझ्याकडं सारखे बघत होते, आणि मी "आज होडी बिघडली" म्हणून सामान आवरलं.

वर्ष संपलं. अहवाल गेला: पाण्यातला ऑक्सिजन सर्व फेऱ्यांत समाधानकारक.

सुनावणी एका सभागृहात झाली. पुढं साहेबलोक, मागं गावकरी, मधल्या रांगेत मी. अहवाल वाचून दाखवला गेला. मग काका उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. समोर बघून म्हणाले, "साहेब, होडी खोटी नाय. पन तुमी भांगाला या. भांगाला या ना बगा."

समोरच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काका," ते म्हणाले, "सकाळी सकाळीच?"

पुढच्या दोन रांगा हसल्या. मागचे हसले नाहीत, ते एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. काका उभेच होते. त्यांना कळेना की लोक कशाला हसतायत. मी मान खाली घातली. मला वाटलं, अरेरे, शेवटी ह्यांनी आपल्या तोंडानंच घात करून घेतला, मी एवढं झाकून ठेवलेलं. तक्रार बंद करण्याची शिफारस त्याच दिवशी झाली. दीड महिन्यात कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणावं, एवढीच पळवाट उरली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं खारघरच्या मासळीबाजारात गेलो होतो. मासे नवरा घेतो, मी पिशवी धरून नाक मुरडत बाजूला उभी असते. नेहमीच्या कोळीण मावशींनी भाव सांगितला, नवरा नेहमीप्रमाणं कळवळला. मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, भांग हाय ना. भांगाला म्हावरा कुठला?"

"बरोबर आहे," नवरा म्हणाला, आणि पापलेट ठेवून बांगड्याकडं वळला.

मी त्याचा दंड धरला. "काय बरोबर आहे? काय म्हणाल्या त्या?"

"भांग चालू आहे म्हणाली."

"म्हणजे काय?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की ह्या बाईला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही. "अगं, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं ना? भरती उंच चढते, ओहोटी लांब जाते. अष्टमीच्या आसपास त्याच्या उलट. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. हलतच नाही म्हण ना. त्याला भांग म्हणतात. तो भांग."

तो भांग. पुल्लिंगी. भांगाला, भांगात, भांगाचं पाणी. काकांचं व्याकरण पहिल्या दिवसापासून बिनचूक होतं. मला तिथंच, मासळीखालून वाहणाऱ्या बर्फाच्या पाण्यात बसकण मारावीशी वाटली. नवरा विचारत राहिला, काय झालं, चक्कर आली का, आणि मी एवढंच म्हटलं, "घरी चल."

घरी येऊन भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि आमच्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखांसमोर तिथ्या लिहीत गेले. पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा, पौर्णिमा, द्वितीया, अमावास्या. दुपारी बाराची उंच भरती आपल्याकडं उधाणातच येते. मी वर्षभर होडी फक्त त्या दिवसांत सोडली होती, जेव्हा समुद्र येऊन सगळी खाडी धुऊन नेतो. बाटल्या भरणारी माणसंही बहुतेक असाच सोयीचा दिवस बघून आली असणार. एकच तारीख अष्टमीची निघाली, क्लच गेला होता ती. गाळून टाकलेले आकडे संगणकात एका कोपऱ्यात पडून होते. मी ते उघडले. सेन्सरवर चिखल बसला असता तर आकडा एकदम पडला असता. हा तसा पडला नव्हता. पाणी थांबत गेलं तसतसा तो हळूहळू उतरला होता, आणि होडी बाहेर काढता काढता पुन्हा चढला होता. सेन्सर खरं बोलत होता. काकाही खरं बोलत होते. दोघांनाही मी खोडून टाकलं होतं, आणि दोन्ही वेळा हात माझाच होता.

पुढच्या अष्टमीला मी सुट्टी टाकून एकटीच होडी घेऊन मोऱ्याला गेले. काका पडवीत बसले होते. "काका, आज भांग आहे ना?" मी विचारलं. त्यांनी एकदा माझ्या होडीकडं बघितलं. मग उठले, वल्हं घेतलं आणि म्हणाले, "चल."

त्यांच्या होडीत आम्ही दोघं, आणि मागं दोरीनं बांधलेली माझी होडी. नाल्याच्या तोंडाशी दोरी सोडली. ती दहा हात गेली आणि उभी राहिली. पाणी तेलासारखं निपचित, काळपट, वास उग्र. काका हलक्या आवाजात बोलत होते. "उधानाला समदा धुऊन जातो. भांगाला पानी हालत नाय. वरून आलेला घान इथंच बसतो, खाली मासलीला दम घ्यायला जागा नाय." बोयी पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत होत्या. फोनवरचा आकडा उतरत होता, ह्या वेळी मी ती गाळायची अट काढून टाकली होती. आम्ही तिथं दुपारपर्यंत बसलो. मेलेली मासळी मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं.

"मला भांग म्हणजे काय ते माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"मंग इचारायचा ना," ते म्हणाले. रागानं नाही. मला पुढचं सांगायचं होतं, माझ्या डोक्यात काय होतं ते. जीभ रेटेना. किनाऱ्याला लागलो, मी सामान गाडीत भरलं. काकू दाराशी उभ्या होत्या. त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि वाटलं, रागावल्या असतील, हक्कच आहे त्यांचा.

मुदत संपायच्या आत मी आणखी एक भांग मोजला आणि नवा अहवाल कचेरीत दिला. पुन्हा सुनावणी लागली. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. "मॅडम, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "पहिल्या अहवालात का नाही आलं असं विचारलं, तर सेन्सर स्वस्तातले होते, बिघाड होता, असं सांगा. कोण खोदून विचारतंय? कॉलेजचं नाव राहील, तुमचंही राहील." मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. रात्रभर मलाही तेच सोपं वाटत होतं.

सभागृह तेच, साहेब तेच. मागं काका, तोच पांढरा शर्ट. साहेबांनी नवे आकडे बघितले, दोनदा बघितले, आणि अपेक्षेप्रमाणं विचारलं, "मॅडम, हे पहिल्या अहवालात का नाही?"

मी उभी राहिले. "सेन्सरमध्ये," अशी सुरुवातही केली. मग वाटलं, आता त्या बिचाऱ्या सेन्सरवर ढकलणार? वर्षभर त्यानं एकदाही खोटं सांगितलं नाही. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"सेन्सरमध्ये बिघाड नव्हता," मी म्हटलं. "काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मासे भांगाला मरतात. मी बार्शीची. मला वाटलं, हे भांग पितात. म्हणून मी ते वाक्य खोडलं. ही बघा रेघ. खोडायच्या आधी त्यातलं व्याकरणही सुधारलं होतं. त्यामुळं होडी वर्षभर चुकीच्या दिवशी गेली. आणि गेल्या वेळी इथं लोक त्यांना हसले तेव्हा मला वाटलं होतं की बरोबर हसतायत. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत मी नव्या अहवालाच्या पहिल्या ओळीत घातलंय. ते तसंच राहू द्या."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेत एक बाई फस्सकन हसली आणि सगळं सभागृह हसलं. गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ मोठ्यानं, आणि ह्या वेळी मागचेसुद्धा. हसत होते ते मला. कान तापले होते, आणि तरी बरं वाटत होतं. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीवरची रेघ बोटानं चाचपून बघितली, चष्मा काढला आणि मागं बघून विचारलं, "काका, पुढचा भांग कधी?"

"येत्या अष्टमीला, साहेब."

"आम्ही येतो," साहेब म्हणाले, आणि तारीख नाही, तिथी लिहून घेतली.

काका हसले नव्हते. ते रांगेतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता बोलतील, आणि ते काहीही बोलले तरी ऐकून घ्यायचं मी ठरवलं होतं. ते अगदी जवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हनून च्या पीत नव्हतीस?"

"हो, काका."

"त्याच्यात भांग हाय म्हनून?"

"हो."

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. सगळ्या लोकांच्या मध्ये उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. "अगो, आयक. ती कॉलेजची बाय. ती आपल्या हातचा पीत नव्हती ना? तसा नाय गो. तसा नाय. तिला वाटला मी भांग पितो. आपल्या च्यात भांग घालतो. हा. तेवराच. दुसरा काय नाय."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काका ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पालथ्या हातानं डोळे पुसले. फोन कानापासून जरा लांब धरून मला म्हणाले, "ती समजली, आमच्या घरातला तुला चालत नाय. मासलीचा वास येतो, म्हनून तुज्यासाठी नवीन कप आनले तिनं. त्यात बी तू नाय पिलीस. मंग तिनं इचारायचाच सोडला."

सोनेरी काठाचे कप माझ्या डोळ्यांपुढं आले, आणि खाली चिकटलेला तो स्टिकर. मी वर्षभर काकांची अब्रू झाकत बसले होते, आणि ती बाई तेवढा सगळा वेळ हे मनात घेऊन दारात उभी होती. मला रडू फुटलं. भर सभागृहात, पंधरा वर्षं पोरांना दम देणारी मी, पदरानं तोंड झाकून रडले.

काका थांबले. मग फोन पुन्हा कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाले, "ती इचारते, अष्टमीला येशील तवा साखर किती टाकू?"

"दोन चमचे," मी म्हटलं.